कपभर वाळू

इंगम,
११ मार्च २०१९

प्रिय नेला,

मंगळवारी पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं आणि आधी वाटलं, कुणीतरी गेलं. अकरा वर्षांत तुझी दोन कार्डं आली. दोन्ही ख्रिसमसची, दोन्हींवर नुसती सही. आता एकदम पानभर पत्र, आणि त्यात काय, तर समुद्राची टाकी! झिटा मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बापाचं खूळ पोरीत उतरलं म्हणायचं." मी म्हटलं, आईचंही खूळ होतं ते. आपल्या बहिणीचा विषय निघाला की ती अजून उठून भांडी आवरायला लागते.

चाळीस लिटरची टाकी, दोन मासे, दोन कोळंब्या, काचेवरचं शेवाळ खायला सहा गोगलगायी. छान. तीन वर्षं टिकवलीस म्हणजे तुला जमतंय. पण तळाला नुसती काच? तू लिहितेस, 'माझे हात मी वाळूपासून लांबच ठेवलेत.' ते वाचून मी चष्मा काढून ठेवला.

आणि तू रीतसर मागणी केलीस. आमच्या मासे पाळणाऱ्यांच्या क्लबातली रीत तुझ्या लक्षात आहे, याचं नवल वाटलं. ज्याने शिकवलं त्याच्याच टाकीतली कपभर ओली वाळू मागायची, न धुता आपल्या टाकीत घालायची. त्यातल्या बारीक किड्यांनी आणि न दिसणाऱ्या जिवांनी नवी वाळू जिवंत होते. 'मला तुम्हीच शिकवलंत, पप्पा. आपल्या जुन्या वाळूतली कपभर द्याल का?'

तर ऐक. जुनी वाळू आहे. घराखाली खांबांच्या मधे, सहा बादल्यांत, झाकणं लावून ठेवलीय. पण आता त्यात जीव कुठला राहिलाय? तू दुकानातलीच घे. दाणा पिठीसाखरेसारखा नको, पंप सुरू केला की टाकीत दूध झालेलं दिसेल. फार जाडही नको, त्यात घाण अडकून कुजते. आमच्या गिरणीतून कच्ची साखर निघायची ना, तेवढा दाणा घे. थर घालायचा तर दोन बोटांचा घाल, म्हणजे दर आठवड्याला एकेक कोपरा नळीने साफ करता येतो. नाहीतर चांगला चार-पाच इंच घाल, आणि मग त्याला हात लावू नकोस. मधलंअधलं काही नको. खडक आधी काचेवर टेकव, वाळू मागून. वाळूवर खडक ठेवलास तर कुणीतरी खालून बीळ करेल आणि सगळं कोसळेल.

आणि एक. तेव्हा तू वाळूत हात घातलास, ते मी केव्हाच विसरलोय. मनात ठेवू नकोस.

पावसाने नदी पुलाला लागलीय. बाकी ठीक.

तुझा
पप्पा


इंगम,
२ एप्रिल

प्रिय नेला,

तुझं दोन ओळींचं उत्तर मिळालं. 'तुम्ही अजून रागावलेले आहात. समजलं. पुन्हा मागणार नाही.'

अगं, कोण रागावलंय? उचलली जीभ लावली टाळ्याला! आईवर गेली आहेस अगदी. हा घे डबा. घट्ट झाकणाचा आहे, आत दोन पिशव्या. ही आपलीच वाळू. ओली आहे, उन्हात ठेवू नकोस, आल्या आल्या टाकीत घाल. पंप बंद कर, डबा पाण्याखाली नेऊन हळू तिरका कर. एक दिवस पाणी गढूळ राहील, घाबरायचं नाही.

आईचे शंखही घातलेत. आठवतात ना? लग्नाच्या वाढदिवसाला माझ्याकडून फुलं घ्यायची नाही आणि टाकीतल्या, शंखात राहणाऱ्या खेकड्यांसाठी ओंजळभर रिकामे शंख मागायची. "त्यांनाही घर बदलावंसं वाटतं की नाही?" म्हणायची. तेच हे, वाटीभर असतील. घासून स्वच्छ केलेत. टाकीत मोकळे पसरून टाक.

आता तरी बापाला खडूस म्हणू नकोस. टाकी कशी दिसते ते कळव.

तुझा
पप्पा


इंगम,
९ मे

नेला,

परवा गिरणीतल्या जुन्या माणसांबरोबर जेवून घरी आलो तर फोनच्या मशीनवर तुझा निरोप. मी ते चार वेळा ऐकलं. तू म्हणालीस, "पप्पा, गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. सगळ्या. दोन्ही कोळंब्या उताण्या पडल्यात. मासे मात्र चांगले पोहतायत. मी परत तेच केलं. वाळू पसरताना ढवळली असणार जोरात. माझे हातच तसले आहेत. कुणाला सांगू नका, प्लीज."

मी फोन केला, तू उचलला नाहीस. मग तुझ्या मशीनवर 'शंख काढ, सगळे काढ, पाणी बदल, फिल्टरला कोळसा घाल' एवढंच बोललो आणि ठेवून दिला. केलं असशील. वाळू राहू दे. ती काही करणार नाही.

आता पुढचं बसून वाच.

तुझ्या हातांनी काही झालेलं नाही. ना आता, ना तेव्हा.

ती वाळू आपली नव्हतीच. व्हर्ना कूल्थार्ड, आमच्या क्लबाची सेक्रेटरी, तिच्या टाकीतून मी कपभर मागून आणली आणि दुकानातल्या वाळूत कालवली. तुला खरी वाटावी म्हणून वर आईचे शंख घातले. ते मात्र घराखालच्या बादलीतले होते. शंखही वाळूसारखेच औषध पितात, हे मला माहीत होतं. मनात आलंही होतं. मग स्वतःलाच म्हटलं, घासलेत की, वाटीभर शंखांनी काय होतंय.

कसलं औषध, ते आता सांगतो.

२००८ साली आई ऑपरेशनच्या तपासण्यांसाठी टाउन्सविलला झिटाकडे राहिली होती. झिटा तेव्हा तिथेच असायची. तू तुझ्या नोकरीवर, घरी मी एकटा. मोठ्या टाकीतल्या पिवळ्या माशांवर पांढरे ठिपके उठले. अशा वेळी मासे वेगळ्या टाकीत काढायचे आणि तिथेच तांब्याचं औषध द्यायचं. वाळूच्या टाकीत तांबं कधी घालायचं नाही. वाळू ते पिते, महिनोन्महिने थोडं थोडं ओकत राहते, आणि गोगलगायी, कोळंब्या, समुद्रफुलं त्याने मरतात. माशांना काही होत नाही. क्लबात येणाऱ्या प्रत्येक नवख्याला मी हे घसा फोडून सांगितलंय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्या आठवड्यात वेगळी टाकी लावायला माझ्यात त्राण नव्हतं, असं मी अकरा वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं तर कंटाळा केला. समुद्रफूल, गोगलगायी, कोळंब्या पडवीतल्या टबात काढून ठेवल्या आणि बाटली सरळ मोठ्या टाकीत ओतली. पंधरा दिवसांनी सगळं पाणी बदललं, कोळसा घातला. पाण्याची तपासणी साफ आली. वाळूची कुठे केली होती? सगळ्यांना परत आत सोडलं आणि आईच्या ऑपरेशनला निघून गेलो. टाकी सांभाळायला तू आलीस. जाताना तुला बजावलं, वाळूला हात लावायचा नाही.

चौथ्या दिवशी तुझा फोन आला. मी हॉस्पिटलच्या जिन्यात होतो. तू रडत होतीस. गोगलगायी पडल्या, आईचं समुद्रफूल चुरगळून गेलं. अठरा वर्षांचं होतं ते, आई त्याला हाताने कोळंबीचा तुकडा भरवायची. आणि तू स्वतःहून सांगितलंस, "काच घासायचं चुंबक वाळूत पडलं, ते हात घालून काढलं. काळा धूर निघाला, पप्पा."

नेला, ते ऐकल्याबरोबर मला हायसं वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पोटची पोर फोनवर रडत होती आणि बापाला हायसं वाटलं. जाड थरात खाली विषारी वायू साठतो, ढवळला की वर येतो, हे तुलाही माहीत होतं. मी म्हणालो, "मग झालं तर. विष मोकळं केलंस तू."

तुला मैत्रिणीकडे जायला सांगून दुसऱ्या सकाळी मी एकटा घरी आलो. मासे मजेत पोहत होते. खालचा वायू वर आला असता तर आधी मासे मेले असते. क्लबातल्या कुणाच्याही नजरेला ते पहिल्या मिनिटात आलं असतं. मी सगळे मासे जाळ्याने काढले, दोन बादल्यांत भरले, कार्डवेलला गेलो आणि ओळखीच्या दातांच्या डॉक्टरला त्याच्या वेटिंग रूममधल्या टाकीसाठी देऊन आलो. आईचे नारिंगी विदूषक मासेही दिले. परत येऊन तुम्हा सगळ्यांना सांगितलं, मासेही मेले.

आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. वाळूच्या थरावर दर वर्षी क्लबात माझं भाषण असायचं. 'वाळू का ढवळू नये? विचारा माझ्या पोरीला!' लोक खो खो हसायचे. ख्रिसमसच्या जेवणाला तू शेवटच्या टेबलाशी ताट घेऊन उभी होतीस, तरी मी ते म्हटलं. ताट ठेवून तू बाहेर पडलीस आणि आठवड्यात देशाच्या पार दुसऱ्या टोकाला जिलाँग गाठलंस. त्यानंतरही सहा वर्षं मी ते वाक्य म्हणत होतो. हसतात म्हणून.

परवा तुझा आवाज ऐकला. चाळिशीला टेकलेली बाई, आणि म्हणतेस, माझे हातच तसले आहेत.

माफी मागायला तोंड नाही. तरी मागतो.

पप्पा


इंगम,
२० जून

नेला,

तुझं पार्सल मिळालं. पत्र नाही. पाण्यातलं तांबं तपासायची ती छोटी बाटली, कार्डावर रंगांच्या चौकटी, आणि खोक्यावर काळ्या पेनाने एकच शब्द: 'सगळ्यांसमोर.'

खोकं आठवडाभर फ्रिजवर ठेवलं होतं. झिटा मावशीने विचारलं, हे काय आहे? मी तिला सगळं सांगितलं. ती अर्ध्या जेवणावरून उठली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. रविवारचं जेवण दारात ठेवून जाते.

काल क्लबाची सभा होती, नेहमीसारखी, बोचेचे गोळे खेळतात त्या मैदानामागच्या हॉलमध्ये. उसाची तोडणी सुरू झालीय, दोन रात्री पाला जाळायला शेतं पेटवली होती, खिडक्यांच्या कडांवर काळी राख. एकोणीस माणसं होती. व्हर्नाने मागच्या सभेचा वृत्तान्त वाचला, मग म्हणाली, "सिल्व्हानोला काहीतरी दाखवायचंय. वाळूबद्दल असणार, आणखी काय!" आणि मागून क्लेम ओरडला, "विचारा माझ्या पोरीला!" मी वाक्य सोडलं, नेला, पण त्यांनी नाही. हॉल हसला.

मी म्हटलं, "तिनेच पाठवलंय."

बादलीतली वाळू मी आदल्या दिवशी भिजत घातली होती. तिचं पाणी नळकांड्यात घेतलं, बाटलीतले थेंब टाकले. नळकांडं व्हर्नाने धरलं होतं. मिनिटभरही लागलं नाही. निळं झालं. कार्डावरच्या शेवटच्या चौकटीपेक्षा गडद. तिथे सगळे जाणते. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

व्हर्नाने विचारलं, "मासे?"

मी म्हटलं, "जिवंत होते. कार्डवेलला देऊन आलो."

कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. क्लेम उठला, टोपी हातात घेऊन माझ्यासमोर आला. "अरे, मी ते तिच्या तोंडावर म्हटलं होतं," म्हणाला. "त्या ख्रिसमसला, बाहेर गाडीपाशी. रडत होती ती. मी गंमत म्हणून म्हटलं." हे मला माहीत नव्हतं. मग तो निघून गेला आणि त्याच्यामागोमाग बरेच जण गेले. चहा-केक तसाच राहिला.

व्हर्नाने हे सगळं क्लबाच्या पत्रकात लिहायला सांगितलंय, माझ्या हाताने, माझ्या नावाने. लिहिलं. सोबत पाठवतोय. शेवटी तिने एवढंच म्हटलं, "पुन्हा टाकी लावायची झाली तर वाळू मागणाऱ्यांच्या रांगेत शेवटी उभं राहा." बरोबर आहे तिचं.

सहाही बादल्या आज नगरपालिकेच्या विषारी कचऱ्यात देऊन आलो. आईचे शंख तेवढे काचेच्या बरणीत कोरडे ठेवलेत. पाण्यात कधी जाणार नाहीत.

पप्पा


इंगम,
६ जुलै

नेला,

तुझं कार्ड आलं. 'आईला माहीत होतं का?'

याचं उत्तर मी मेमध्येच लिहायला हवं होतं. लिहीत होतो, खोडत होतो. शेवटी ते पान काढून टाकलं आणि बाकीचं पाठवलं. आणखी एकदा लपवलं, दुसरं काय.

नाही. आईला माहीत नव्हतं.

समुद्रफुलाबद्दल ती तुला कधी काही बोलली नाही आणि ते गप्प राहणंच तुला टोचत होतं, हे मला दिसत होतं. तिला वाटायचं, आपण विषय काढला तर पोर आणखी दूर जाईल. तुला वाटायचं, आई तोंड फिरवून बसलीय. तुम्हा दोघींच्या मधे मी बसलो होतो, सगळं माहीत असलेला.

२०११ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे ती गेली त्याच्या पाच आठवडे आधी, दुपारी मी तिला सूप भरवत होतो. दोन चमचे घेतले आणि म्हणाली, "सिल्व्हानो, खरं सांग. पोरीने खरंच वाळू ढवळली होती का रे? ती लहानपणापासून किती जपून हात घालायची."

नेला, देवाने ताट वाढून समोर ठेवलं होतं. घरात तिसरं कुणी नव्हतं. ती रागावली नसती. रागवायची ताकदच नव्हती तिच्यात.

मी म्हणालो, "हो. ढवळली होती."

तिने चमचा बाजूला केला, रिकाम्या टाकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तिला फोन कर. म्हणावं, आईने केव्हाच माफ केलंय. वाळू काय, पुन्हा भरता येते. म्हणावं, तू घरी ये."

मी फोन केला नाही. फोन केला असता तर तू विचारलं असतंस, आणि तुझ्याशी बोलताना मला ते खोटं पुन्हा म्हणता आलं नसतं. दोन दिवसांनी तिने विचारलं, केलास का? मी म्हटलं, केला, तिला सुट्टी मिळत नाहीये. त्यानंतर ती रोज सकाळी विचारायची, आज कोणता वार? सुट्टीचा हिशेब करत असायची. अंत्यविधीला तू काळ्या कोटात आलीस, माझ्याशी न बोलता त्याच संध्याकाळी परत गेलीस, आणि लोक म्हणाले, कसली दगडाच्या काळजाची पोर. तेही मी ऐकून घेतलं.

ते माफ करणं तुझ्या वाटणीचं नव्हतंच. ते तू घेऊ नकोस. पण शेवटचे तीन शब्द तुझेच होते आणि ते आठ वर्षं माझ्याकडे पडून राहिले. म्हणून आज लिहून देतो, तिच्याच शब्दांत.

तू घरी ये.

तेव्हा सांगितलं असतं तर तू आली असतीस. हे मला तेव्हाही माहीत होतं.

सिल्व्हानो